वरून आदेश आलाच नाही : बॉर्नहोल्मर श्ट्रासे, ९ नोव्हेंबर १९८९

बर्लिनच्या भिंतीतलं जे मोठं फाटक ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री गर्दीसाठी सगळ्यांत आधी सताड उघडलं, ते कोणाच्या हुकमाने उघडलं? मॉस्कोच्या नाही, पूर्व बर्लिनच्या पॉलिटब्युरोच्या (सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या) नाही आणि संरक्षण मंत्रालयाच्याही नाही. त्या पाळीला जो अधिकारी चौकीवर होता त्याने, वरून काही येत नाही हे पाहून, आपल्या जबाबदारीवर ते उघडायला सांगितलं. शीतयुद्धाचा शेवट शिकवताना आपण गोर्बाचेव्हपासून निघून येल्त्सिनपर्यंत पोहोचतो. वाटेत ही चौकी लागते, पण तिथे कोणी थांबत नाही.

हा अधिकारी नंतर मुलाखतींतून बोलला आहे आणि शोधणाऱ्याला त्याचं नाव सापडेल. इथे मी त्याला ‘उपप्रमुख’ म्हणतो. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झालं असतं, हा प्रश्न नाव बाजूला ठेवलं की जास्त नीट विचारता येतो.

पार्श्वभूमी

पूर्व जर्मनी हा देश आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना ऑर्वोच्या फिल्ममुळे ठाऊक होता. भारताने त्याला राजनैतिक मान्यता दिली ती १९७२ मध्ये. लोकसंख्या जेमतेम १ कोटी ६० लाख. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख माणसं तिथून पश्चिमेला निघून गेली आणि त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, कुशल कारागीर भरपूर होते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी ही गळती बंद करण्यात आली. पूर्व जर्मनीच्या पोटात असलेल्या पश्चिम बर्लिनभोवती सुमारे १५५ किलोमीटरचा वेढा पडला आणि त्या वेढ्यापाशी पुढच्या २८ वर्षांत किमान १४० जणांचा जीव गेला. पळून जाताना गोळी लागून मेलेला शेवटचा माणूस वीस वर्षांचा होता, आणि ते वर्ष १९८९ च होतं, महिना फेब्रुवारी. एप्रिलमध्ये पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर यांनी गोळीबार थांबवण्याची सूचना खाली पाठवली. जाहीर मात्र काही केलं नाही.

त्या वर्षी बाकीचं सगळं एकदम घडत गेलं. हंगेरीने मे महिन्यात ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं कुंपण काढायला घेतलं आणि ११ सप्टेंबरला पूर्व जर्मन नागरिकांना त्या वाटेने जाऊ दिलं. प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीच्या बागेत हजारो लोक तंबू टाकून बसले. ९ ऑक्टोबरला लायप्झिगमध्ये ७० हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर उतरली आणि गोळी चालली नाही. १८ ऑक्टोबरला एरिक होनेकर पायउतार झाले, एगॉन क्रेंझ आले.

आपल्याकडच्या लेखनात पैशाची बाजू फारशी येत नाही, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो. ऑक्टोबरच्या अखेरीस नियोजन आयोगाचे प्रमुख गेरहार्ड शुरर यांनी पॉलिटब्युरोपुढे एक अहवाल ठेवला. परकीय चलनातलं कर्ज ४९ अब्ज मार्कांवर गेलंय. ते फेडणं दूर, नुसतं वाढू द्यायचं नसेल तरी १९९० मध्ये लोकांचं राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावं लागेल. आणि तसं केलं तर राज्य चालवता येणार नाही. इतक्या स्पष्ट शब्दांत. त्याच अहवालात वाटही सुचवलेली होती : पश्चिम जर्मनीकडून मोठी मदत मिळवायची आणि बदल्यात सीमेच्या प्रश्नावर काहीतरी देऊ करायचं. या राज्याकडे विकायला उरलेली शेवटची वस्तू म्हणजे ती भिंत होती, असाच याचा अर्थ. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बॉनशी, म्हणजे पश्चिम जर्मन सरकारशी, त्यासाठी गुपचूप बोलणीही चालू होती. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर हेल्मुट कोल यांनी ८ नोव्हेंबरला आपल्या संसदेत अट जाहीर केली : पूर्वेतल्या कम्युनिस्ट पक्षाने सत्तेची मक्तेदारी सोडावी, मुक्त निवडणुका घ्याव्यात, मग मदतीचं बघू.

अडचण कशी उभी राहिली

तातडीची अडचण चेकोस्लोव्हाकियाची होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्व जर्मन लोकांना प्रागमार्गे पश्चिमेला जायची मुभा मिळाली आणि त्या रस्त्यावर माणसांची रीघ लागली. प्राग सरकार वैतागलं. तुमची माणसं तुमच्याच सीमेवरून पाठवा, आमच्या देशातून कशाला, असा निरोप आला. दरम्यान ६ नोव्हेंबरला पूर्व जर्मन सरकारने प्रवासाच्या कायद्याचा मसुदा वर्तमानपत्रांत छापला होता : वर्षाला ३० दिवस, तेही परवानगी मिळाली तर. लोक इतके भडकले की सरकारच्याच संसदीय समितीने तो दुसऱ्या दिवशी फेटाळला. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, पाठोपाठ पॉलिटब्युरोनेही.

९ नोव्हेंबरच्या सकाळी गृहमंत्रालयात चार अधिकारी बसले. दोन मंत्रालयाचे, दोन श्टाझीचे, म्हणजे गुप्त पोलिसांचे. त्यांना सांगितलेलं काम मर्यादित होतं : ज्यांना देश कायमचा सोडायचा आहे त्यांना थेट जाता येईल असा नियम लिहा.

या चौघांनी जो विचार केला तो कोणत्याही कचेरीत कधीतरी नियम लिहिलेल्या माणसाला पटेल. देश कायमचा सोडणाऱ्याला आपण लगेच सोडणार, आणि पश्चिमेतल्या मावशीला भेटून रविवारी परत येतो म्हणणाऱ्याला अडवणार? मग मावशीकडे जायला निघालेला माणूसही ‘कायमचा जातो’ असंच लिहून देईल. म्हणजे नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि देश सोडणाऱ्याला सवलत. तेव्हा त्यांनी मसुद्यात खासगी प्रवासही घातला : कारण न विचारता अर्ज करता येईल, परवानगी लवकर दिली जाईल, आणि पश्चिम जर्मनी व पश्चिम बर्लिनकडच्या सर्व चौक्यांवरून जाता येईल. त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. बहुतेक नागरिकांकडे पासपोर्टच नव्हता. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, यात आठवडे गेले असते आणि गर्दी पोलिस कचेऱ्यांसमोरच्या रांगांत विभागली गेली असती. बातमी १० नोव्हेंबरच्या पहाटे ४ वाजता द्यायची, असं ठरलं. तेवढ्या रात्रीत कचेऱ्यांना आणि चौक्यांना सूचना जाणार होत्या.

पुढे हा कागद ज्या हातांतून गेला तिथे कोणीच तो नीट वाचला नाही असं म्हणावं लागतं. पक्षाच्या केंद्रीय समितीची बैठक चालू होती. दुपारी मधल्या सुट्टीत पॉलिटब्युरोच्या काही सदस्यांनी त्याला मान डोलावली. चारच्या सुमारास क्रेंझ यांनी तो समितीपुढे वाचून दाखवला, एकदोन शब्द बदलले, पुढचा विषय घेतला. मॉस्कोला जी कल्पना दिली होती ती फक्त कायम जाणाऱ्यांच्या सोयीची होती. खासगी प्रवास आणि बर्लिनच्या चौक्या हे त्यात आलेलंच नव्हतं. क्रांतिदिनाच्या सुट्ट्या नुकत्याच संपल्या होत्या आणि तिकडूनही कोणी खोलात विचारलं नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास क्रेंझ यांनी तो कागद पॉलिटब्युरोचे सदस्य ग्युंटर शाबोव्स्की यांच्या हातात दिला. शाबोव्स्की सहा वाजता पत्रकार परिषद घेणार होते. या विषयावर चर्चा झाली तेव्हा ते सभागृहात नव्हते. पहाटे चारची वेळ त्यांना कोणी सांगितली नाही.

पत्रकार परिषद तासभर कंटाळवाणी चालली. सात वाजायला थोडा वेळ असताना एका इटालियन बातमीदाराने प्रवासाच्या कायद्याचं विचारलं. शाबोव्स्कींनी कागदपत्रं चाळली, तो कागद काढला आणि वाचून दाखवला. हे कधीपासून लागू, असा प्रश्न आला. त्यांनी पुन्हा कागदावर नजर फिरवली आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, तात्काळ. हे सगळं दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं. काही मिनिटांत वृत्तसंस्थांनी बातमी सोडली. आठ वाजता पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीच्या मुख्य बातम्यांत सीमा उघडल्याचं सांगितलं गेलं, आणि पूर्व बर्लिनमध्ये जवळपास प्रत्येक घरात पश्चिमेचीच वाहिनी लागत असे.

उपप्रमुखाचा पेच

बॉर्नहोल्मर श्ट्रासेची चौकी शहराच्या उत्तरेला, रेल्वेरुळांवरच्या एका लोखंडी पुलाच्या तोंडाशी होती. अलीकडे पूर्वेचा प्रेन्झ्लाउअर बेर्ग हा दाट वस्तीचा भाग, पलीकडे फ्रेंच विभागातलं वेडिंग. पायी पाच-दहा मिनिटांवर हजारो कुटुंबं राहत होती. गर्दी इथेच आधी का जमली याचं उत्तर बहुधा एवढंच आहे.

पासपोर्ट तपासणारी तुकडी सीमारक्षकांचा गणवेश घालत असे, पण ती खरं तर श्टाझीच्या हाताखाली होती. त्या संध्याकाळी प्रमुख हजर नव्हता, म्हणून सगळा भार उपप्रमुखावर. तो १९६४ पासून याच चौकीवर होता. कॅन्टीनमध्ये जेवता जेवता त्याने शाबोव्स्कींचं ते वाक्य ऐकलं, एक शिवी हासडली आणि आपल्या वरिष्ठाला फोन लावला. वरिष्ठानेही तेच ऐकलं होतं आणि त्यालाही काही माहीत नव्हतं. लोक आले तर परत पाठवा, असं तो म्हणाला.

सव्वासातच्या सुमारास पहिली दहा-वीस माणसं आली. तासाभरात शेकडो झाली. मग मोजणं बंद करावं लागलं.

वर पाहावं तर सगळीकडे शुकशुकाट. केंद्रीय समितीची बैठक सहाला संपायची ती पावणेनऊच्या आसपासपर्यंत लांबली, त्यामुळे देश चालवणारी माणसं एका सभागृहात बंद होती आणि बाहेर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. सकाळी मसुदा लिहिणाऱ्या चौघांचा प्रमुख बायकोबरोबर नाटकाला गेला होता. पहाटे चारपर्यंत काही घडणार नाही, असं सगळेच धरून चालले होते.

समोरचे पर्याय

लोकांना परत पाठवणं हा पहिला पर्याय. साडेआठच्या सुमारास पोलिसांच्या गाडीवरून ध्वनिक्षेपकाने सांगून पाहिलं : व्हिसासाठी पोलिस कचेरीत जा. काहीजण खरोखर गेले. कचेऱ्या बंद होत्या. ते आणखी चिडून परत आले आणि येताना शेजारपाजारच्यांना घेऊन आले.

बळाचा वापर हा दुसरा. चौकीवरच्या लोकांकडे पिस्तुलं होती. पण गोळीबाराबद्दलची वरची सूचना बदललेली होती, आणि समोर भिंतीवर चढणारा एकटा तरुण नव्हता. दूरचित्रवाणीवर ऐकलेला सरकारी नियम हक्काने मागणारे कुटुंबवत्सल लोक होते. उपप्रमुखाला दुसरीच भीती होती, असं तो पुढे सांगत असे : चेंगराचेंगरीत गर्दीतल्या कोणीतरी एखाद्या शिपायाचं पिस्तूल हिसकावलं तर काय?

तिसरा पर्याय वाट पाहण्याचा. फोन करत राहायचं, आदेश येईपर्यंत फाटक धरून ठेवायचं. तासन्‌तास हेच चाललं होतं.

चौथा उघडण्याचा. नियमाप्रमाणे तो पर्यायच नव्हता. विनापरवाना सीमा उघडणं हा अशा राज्यात कसला गुन्हा ठरला असता हे सांगायला नको.

त्या रात्री काय केलं

नऊनंतर वरून एक युक्ती सुचवली गेली. गर्दीत जे सर्वांत जास्त आरडाओरडा करतायत त्यांना हेरायचं, बाजूला घ्यायचं आणि पलीकडे सोडायचं. मात्र त्यांच्या ओळखपत्रावर शिक्का असा मारायचा की तो अर्धा फोटोवर येईल. त्या शिक्क्याचा अर्थ : हा माणूस परत येऊ शकत नाही, याचं नागरिकत्व संपलं. ज्यांच्या हातात ते ओळखपत्र होतं त्यांना हे सांगायचं नाही. कुकरची शिट्टी होऊ द्यावी तसा दाब कमी करायचा, असा हिशेब होता.

मला विचाराल तर त्या रात्रीचा सर्वांत वाईट निर्णय हा. फाटक उघडणं किंवा न उघडणं याला निदान काही तर्क होता. इथे मात्र शांतपणे उभा राहणारा मागे राहिला आणि ओरडणारा पुढे गेला, आणि हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. दहा मिनिटांत सगळेच ओरडायला लागले. ‘फाटक उघडा’च्या जोडीला ‘आम्ही परत येणार आहोत’ अशाही घोषणा होत होत्या. सरकारला खरं तर ही दुसरी घोषणा हवीहवीशी वाटायला हवी होती. पण पलीकडे पाठवली जाणारी माणसं परत येऊच नयेत अशी तजवीज शिक्क्याने केलेली होती.

मग त्यांतलीच काही माणसं खरोखर परत आली. पुलापलीकडे जाऊन थोडं फिरून, पाहून, हसत हसत. त्यांत एक तरुण जोडपं होतं. मुलं घरी झोपलेली. ओळखपत्रावर तो शिक्का पडलेला. नियमाप्रमाणे त्यांना आत घ्यायचं नव्हतं. पोरं घरात आणि आईबाप पुलाच्या पलीकडे, असा प्रसंग. उपप्रमुखाने त्यांना आत घ्यायला सांगितलं. माझ्या मते आदेश मोडायला सुरुवात झाली ती या क्षणी, साडेअकराला नाही. एकदा का शिक्क्याचा अर्थ त्याने स्वतः ठरवला, तेव्हा बाकीचं फक्त वेळेचं होतं.

फोन चालूच होते. एका वेळी वरिष्ठाने त्याला गुपचूप लाइनीवर ठेवून वरच्या अधिकाऱ्यांशी बोलणं लावलं, तो ऐकतोय हे त्यांना कळू न देता. पलीकडून विचारलं गेलं की हा माणूस परिस्थिती नीट सांगतोय की घाबरलाय. पंचवीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाने आपल्याबद्दल हे ऐकलं. त्यामुळेच त्याने फाटक उघडलं असं म्हणता येणार नाही. पण वर आपली बाजू घेणारं कोणी नाही, एवढं त्याला कळलं असणार.

पावणेअकराच्या सुमारास पश्चिमेच्या बातम्यांत सांगण्यात आलं की भिंतीची फाटकं सताड उघडी आहेत. तेव्हा ती उघडी नव्हती. ही बातमी ऐकून जी माणसं घरातून निघाली त्यांनी ती खरी करून दाखवली.

साडेअकराच्या सुमारास लोक कुंपण रेटायला लागले. पुढच्या रांगेतली माणसं दबत होती. उपप्रमुखाने सहकाऱ्यांना तपासणी बंद करून अडसर काढायला सांगितलं आणि वरिष्ठाला फोनवर तसं कळवलं. वरिष्ठाने आक्षेप घेतला नाही, संमतीही दिली नाही. त्यानंतरच्या पाऊणएक तासात साधारण २० हजार माणसं त्या पुलावरून गेली असावीत. व्हिसा नाही, शिक्का नाही, नोंद नाही. मध्यरात्रीच्या आगेमागे शहरातल्या बाकीच्या चौक्याही एकेक करून उघडल्या; शेजारच्या चौकीने सोडलं म्हटल्यावर आपण कशाला अडवायचं, असा सरळ हिशेब.

परिणाम

एकही गोळी सुटली नाही, त्या चौकीवर कोणी दगावलं नाही. बहुतेक माणसं पहाटेपर्यंत घरी परतली आणि सकाळी कामावर गेली. म्हणजे सकाळच्या चौघांचा तर्क बरोबर ठरला : जाऊ दिलं की लोक परत येतात. पण त्यांनी आखलेली रांग, अर्ज, पासपोर्ट, व्हिसा ही सगळी साखळी त्यात वाहून गेली.

कोल त्या रात्री वॉर्सात होते, दौरा अर्धवट टाकून बर्लिनला धावले. गोर्बाचेव्ह यांना सकाळी कळलं. पूर्व जर्मनीत साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक होते. ते छावण्यांतच राहिले. १९५३ मध्ये याच देशात कामगारांचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता, हे लक्षात घेतलं तर या निष्क्रियतेचं वजन कळतं. १० नोव्हेंबरला काही पूर्व जर्मन लष्करी तुकड्यांना सज्जतेचे आदेश गेले, ते लगेच मागे घेतले गेले.

पुढचा क्रम सर्वांना पाठ आहे. बल्गेरियाचे नेते झिवकोव्ह १० नोव्हेंबरलाच पायउतार झाले, प्रागमध्ये १७ तारखेला निदर्शनं सुरू झाली, रुमानियात नाताळच्या दिवशी चाउशेस्कूंना गोळ्या घातल्या गेल्या. ३ ऑक्टोबर १९९० ला जर्मनी एक झाली, १ जुलै १९९१ ला वॉर्सा करार गुंडाळला गेला आणि त्या डिसेंबरात सोव्हिएत संघही संपला. भारतात हा सगळा काळ आपल्याच गडबडीत गेला. ती भिंत उघडली तेव्हा इथे लोकसभेचा प्रचार रंगात होता. तिचा चटका आपल्याला दीड-दोन वर्षांनी बसला. सोव्हिएत संघाशी रुपयात चालणारा व्यापार कोलमडला तो नेमका आपल्या परकीय चलनाच्या संकटाच्याच सुमारास.

क्रेंझ आणि शाबोव्स्की यांना एकसंध जर्मनीच्या न्यायालयाने १९९७ मध्ये भिंतीवरच्या मृत्यूंबद्दल दोषी धरलं. पहिल्याला साडेसहा वर्षं, दुसऱ्याला तीन. उपप्रमुखाची नोकरी राज्याबरोबरच गेली.

वेगळं काय करता आलं असतं

हा प्रश्न कोणाच्या बाजूने विचारायचा ते आधी ठरवावं लागतं. पुलावरून गेलेल्या माणसांच्या बाजूने विचारलं तर काहीच वेगळं नको होतं. विद्यार्थ्यांशी यावर बोलताना मी मुद्दाम उलटं करतो आणि त्यांना सत्ताधारी पक्षाच्या खुर्चीत बसवतो. उत्तरं जास्त नेमकी येतात.

पहिलं उत्तर बहुतेक जण देतात ते शाबोव्स्कींचं : त्यांनी कागद आधी वाचायला हवा होता. खरं आहे, पण वरवरचं आहे. त्यांनी तो नीट वाचला असता तर बातमी नऊ तास उशिरा आली असती, एवढंच. पहाटे चारला जाहीर होऊन सकाळी आठला पोलिस कचेऱ्या उघडल्या असत्या तर गर्दी चौक्यांऐवजी तिथे जमली असती. दिवसाचा उजेड, हजर अधिकारी, हातात सूचना. सीमा तरीही महिन्याभरात सैल झाली असती, कारण लोकांनी भिंतीची भीती लायप्झिगमध्येच टाकून दिली होती. फरक पडला असता तो सौद्यात. त्याकडे शेवटी येतो.

दुसरा मुद्दा चौघांच्या मसुद्याचा. त्यांनी सांगितलेल्या कामाच्या पलीकडे जाऊन योग्य तेच लिहिलं. पण हा बदल किती मोठा आहे हे वर ठळकपणे सांगितलं नाही, किंवा सांगूनही कोणी ऐकलं नाही. ज्या टिपणात धोरण बदलतं त्याच्या पहिल्याच ओळीत ‘यात धोरण बदलत आहे’ असं लिहिलेलं नसेल तर ते मंजूर होतं आणि मंजूर करणाऱ्यालाच ठाऊक नसतं. हे फक्त कम्युनिस्ट राजवटीत घडतं असं कोणी मानत असेल तर त्याने आपल्याकडच्या शासन निर्णयांच्या फायली एकदा पाहाव्यात.

तिसरा मुद्दा फोनच्या त्या टोकाचा. वरच्या अधिकाऱ्यांपाशी साडेचार तास होते. ‘उघडा’ म्हटलं तर उद्या जबाबदारी आपल्यावर, ‘रोखा’ म्हटलं आणि माणसं मेली तरी आपल्यावर. म्हणून त्यांनी काहीच म्हटलं नाही. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत अशी वेळ आली की होनेकरांचं मत काय असेल याचा अंदाज बांधता येत असे. आता वर कोण आहे, तो उद्या असेल का, हेच नक्की नव्हतं; त्या सकाळी पॉलिटब्युरो नव्याने बसलेला जेमतेम एक दिवसाचा होता. नकार देण्याची पद्धत या यंत्रणेच्या अंगवळणी पडलेली होती. परवानगी देण्याची पद्धत तिच्याकडे कधी नव्हतीच, त्यामुळे परवानगी द्यायची पाळी आली तेव्हा ती चौकीवरच्या माणसाला जागच्या जागी ठरवावी लागली.

उपप्रमुखाने काय वेगळं करायला हवं होतं, यावर माझं मत असं की शिक्क्याची युक्ती त्याने सुरुवातीलाच नाकारायला हवी होती आणि फाटक दोन तास आधी उघडायला हवं होतं. पण दोन तास आधी गर्दी तेवढी नव्हती, त्यामुळे त्याला तसं करायला कारणही नव्हतं. इथे वर्गात नेहमी वाद होतो आणि तो मिटवण्याचा मी प्रयत्न करत नाही. एका विद्यार्थिनीने विचारलं होतं की त्याच्या जागी जास्त आज्ञाधारक माणूस असता तर? उत्तर देता येतं ते एवढंच : त्याच जूनमध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात आज्ञाधारक माणसं होती, आणि त्यांना आदेशही स्पष्ट होता. बॉर्नहोल्मरला तसा आदेश कोणी दिलाच नाही, त्यामुळे तो पाळायचा की मोडायचा ही कसोटी तिथे कोणावर आली नाही. ‘त्याने रक्तपात टाळला’ हे वाक्य म्हणूनच मी थोडं जपून वापरतो. टाळण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण वरच्यांच्या पळपुटेपणाचाही आहे.

राहिला सौदा. शुरर यांच्या अहवालाप्रमाणे भिंत ही बॉनकडून पैसे मिळवण्यासाठी शेवटची वस्तू होती. ती टप्प्याटप्प्याने, एकेक चौकी उघडत, प्रत्येक टप्प्याला कर्जाचा एकेक हप्ता मागत विकता आली असती. त्याने राज्य वाचलं असतं असं मला वाटत नाही, पण विलीनीकरणाच्या अटी ठरवताना त्याच्या हातात काहीतरी राहिलं असतं. प्रत्यक्षात ती एका संध्याकाळी फुकट गेली. फेब्रुवारी १९९० मध्ये पूर्व जर्मनीचे नवे पंतप्रधान हान्स मोड्रोव बॉनला गेले आणि त्यांनी १० ते १५ अब्ज मार्कांची तातडीची मदत मागितली. कोल यांनी ती दिली नाही. पाच आठवड्यांनी, १८ मार्चला, पूर्व जर्मनीत पहिली मुक्त निवडणूक झाली आणि तिथल्या जुन्या सत्ताधारी पक्षाला १६.४ टक्के मतं पडली.